वंश, पेशा आणि वेस : 'एल्डर स्क्रोल्स'च्या सहाव्या खेळाकडून काही अपेक्षा

2018 च्या जून महिन्यात बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने 'दि एल्डर स्क्रोल्स' या आपल्या अद्भुतरम्य खेळमालेतील सहाव्या खेळाची घोषणा केली, ती एका मिनिटाहूनही लहान अशा चित्रफितीने. तीत डोंगर होते, किनारा होता, धुके होते; पात्र मात्र एकही नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षे लोटली. खेळ अद्याप यावयाचा आहे, आणि त्या निर्मनुष्य भूप्रदेशावर रसिकांनी आपापल्या अपेक्षांची वस्ती वसविली आहे. या अपेक्षांची सर्वांत अधिक गर्दी एका प्रश्नाभोवती दिसते : खेळाडूस कोणकोणत्या वंशांत जन्म घेता येईल आणि कोणकोणते पेशे पत्करता येतील? रसिक या प्रश्नाचे उत्तर यादीच्या रूपाने देतात. अमुक वंश नवा यावा, तमुक पेशा परत यावा, असे म्हणतात. प्रस्तुत लेखकास यादीच्या लांबीविषयी फारसे ममत्व नाही. वंश निवडल्यावर त्या निवडीची दखल खेळातील जग कितपत घेते, हा प्रश्न त्याला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ज्या वाचकांचा या खेळांशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करावयास हवा. भूमिका घेऊन खेळावयाच्या संगणकीय खेळात खेळाडू आरंभी स्वतःचे पात्र घडवितो. त्याचा जन्म कोणाच्या पोटी झाला हे वंशाने ठरते आणि त्याला काय करता येते हे पेशाने. 'पेशा' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. 'वर्ग' म्हटले की एकतर शाळा आठवते नाहीतर समाजशास्त्र. 'वंश' या शब्दाबाबत मात्र लेखकाचे समाधान नाही. मांजराचे तोंड असलेला खजीत, सरड्यासारखा आर्गोनियन, हिरव्या कातडीचा ऑर्क आणि उत्तरेकडील गौरवर्णी नॉर्ड या सर्वांना एकाच शब्दात बांधावयाचे तर 'योनी' हा आपला जुना शब्द अधिक नेमका ठरला असता. अमरकोशात विद्याधर, यक्ष, गंधर्व, किन्नर इत्यादी दहा देवयोनी सांगितल्या आहेत, आणि त्या कल्पनेत शरीर, सामर्थ्य व विश्वातील स्थान ही तिन्ही एकत्र येतात. परंतु आजच्या मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थ इतका बळावला आहे की तो वापरणे अवघड झाले आहे. राहता राहिला 'जात' हा शब्द. तो आपण प्राण्यालाही लावतो, आंब्यालाही लावतो आणि माणसालाही लावतो. आणि मराठी वाचकाला या खेळांत जे दिसते, ते इंग्रजी वाचकाला तितक्याच झटकन दिसेल असे नाही, याचे कारण या शब्दातच आहे.

जन्म आणि पेशा यांची गाठ या परंपरेत मुळापासून आहे. संगणकावरील अशा बहुतेक खेळांचे मूळ 1974 साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात सापडते. त्याच्या 1981 च्या प्राथमिक आवृत्तीत बुटका, एल्फ आणि हाफलिंग हे वंशही होते आणि पेशेही तेच होते. बुटक्याने काय व्हावयाचे? बुटकाच व्हावयाचे! 1978 च्या प्रगत नियमपुस्तकात वंश व पेशा वेगळे केले होते खरे, पण बुटक्याला मंत्रविद्या वर्ज्य होती, पॅलॅडिन म्हणजे धर्मयोद्धा केवळ मानवालाच होता येत असे, आणि मानवेतरांच्या प्रगतीला पुष्कळ पेशांत ठरावीक पायरीपाशी खीळ बसे. जन्माने धंदा ठरविणारी ही व्यवस्था त्या कर्त्यांनी कोणत्या हेतूने रचली याची चिकित्सा येथे करावयाची नाही. खेळाचा तोल सांभाळणे हाच हेतू त्यांनी सांगितला असता. ही बंधने 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गळून पडली. 2020 मध्ये वंशाबरोबर मिळणारे अधिक गुण हवे तेथे वळविण्याची मुभा मिळाली, आणि 2024 च्या नियमपुस्तकातून त्यासाठी वापरला जाणारा जुना इंग्रजी शब्दच काढून टाकण्यात आला. म्हणजे जवळजवळ अर्धशतकाचा हा प्रवास जन्माकडून आकडे काढून घेण्याचा आहे. तो योग्य दिशेने झाला याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण आकडे काढून घेतल्यावर वंश म्हणून मागे काय उरते? पुष्कळदा केवळ कानांचा आकार.

'एल्डर स्क्रोल्स'चा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. 1994 च्या 'अरीना'त खेळाडूला आठ वंश उपलब्ध होते. 2002 च्या 'मॉरोविंड'मध्ये ऑर्क व इम्पीरियल यांची भर पडून ते दहा झाले आणि 2006 चा 'ऑब्लिव्हियन' व 2011 चा 'स्कायरिम' या दोन्ही खेळांत दहाच राहिले. 'मॉरोविंड'मध्ये खजीत व आर्गोनियन यांना जोडे घालता येत नसत, कारण त्यांच्या पायांची ठेवणच वेगळी होती. खेळाडूंनी याविषयी पुष्कळ कुरकुर केली असेल; परंतु चिलखताचा संपूर्ण जोड हाती येऊनही जोडे तेवढे विकून टाकावे लागत, तेव्हा आपण कोणत्या देहात आहो याचा विसर पडत नसे. 'स्कायरिम'मध्ये ही अडचण उरली नाही. तेथे प्रत्येक वंशाला एका कौशल्यात 10 आणि इतर पाच कौशल्यांत प्रत्येकी 5 गुण अधिक मिळतात. कौशल्याची मजल 100 पर्यंत जात असल्याने काही तासांच्या खेळानंतर ही जन्मदत्त ठेव कोठच्या कोठे विरून जाते. नॉर्डला थंडी कमी बाधते, आर्गोनियन पाण्याखाली श्वास घेऊ शकतो, इतपत भेद उरतात.

आता विंडहेल्म या नगरीकडे वळू. 'स्कायरिम'मधील हे नगर नॉर्ड लोकांच्या बंडाचे केंद्र आहे. तेथे डनमर निर्वासितांना एका कोंदट वस्तीत राहावे लागते, आणि बंदरावर ओझी वाहणाऱ्या आर्गोनियनांना तटाच्या आत येण्यास बंदी आहे. या देशात फिरणारे खजीत व्यापाऱ्यांचे तांडे नगरांच्या दरवाज्याबाहेर तंबू ठोकून माल विकतात. चोर व तस्कर असल्याच्या संशयावरून त्यांना आत घेत नाहीत. वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला टीप देऊन सांगावे लागत नाही. कर्त्यांनी हे चित्र बारकाईने आणि सहानुभूतीने रंगविले आहे, याबद्दल त्यांची प्रशंसाच केली पाहिजे.

परंतु प्रस्तुत लेखकाने प्रथम हा खेळ खेळताना खजीत निवडला होता. व्हाइटरन या नगराबाहेर तांड्यातील एका खजिताने आपल्या लोकांना आत प्रवेश नसल्याचे सांगितले. ते ऐकून लेखक दरवाज्याकडे गेला आणि सरळ आत शिरला. कोणी अडविले नाही. पुढे दुसऱ्या खेपेस आर्गोनियन होऊन पाहिले, तो प्रकार याहून विलक्षण. आर्गोनियन खेळाडू बंडखोरांच्या सेनेत भरती होऊ शकतो. तेथे त्याला त्याच्या वंशाविषयी एक प्रश्न विचारला जातो आणि उत्तर दिल्यावर वाट मोकळी होते. तो विंडहेल्ममध्ये घर विकत घेऊ शकतो, त्या नगराचा 'थेन' हा मानाचा किताब मिळवू शकतो, आणि तटाखाली त्याचे जातभाई पूर्वीप्रमाणेच ओझी वाहत राहतात. ते त्याला काही विचारत नाहीत. नगरातील नॉर्डही त्याला काही विचारत नाहीत.

येथे केवळ विसंगती आहे असे म्हणून थांबता येणार नाही. खेळाने एक सामाजिक अन्याय उभा केला आणि त्यातून खेळाडू तेवढा वगळला. अन्याय दुसऱ्यांवर होतो. आपण तो पाहावयाचा, हळहळावयाचे आणि पुढे जावयाचे. बाहेरच्या तांड्याशी आपले मुखसाम्य आहे, नाते मात्र नाही. अशा स्थितीत खजीत निवडणे म्हणजे एक मुखवटा निवडणे होय. आणि मुखवट्यांची संख्या दहावरून वीसवर नेली तरी फरक पडावयाचा नाही.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो हलका नाही. ज्याने वेशीबाहेरचे जिणे स्वतः किंवा वाडवडिलांच्या आठवणीत भोगले आहे, त्याने दिवसभराच्या कष्टानंतर करमणुकीसाठी संगणकासमोर बसावे आणि तेथेही दरवाजावरील शिपायाने त्याला हटकावे, हे कोणाला आवडेल? अद्भुताच्या जगात तरी सुटका नको काय? लेखकाच्या एका विद्यार्थ्याने हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारला होता आणि त्यावेळी लेखकाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. आज इतके म्हणता येईल की, सुटका द्यावयाची तर ती सर्वांना द्यावी. वेसच नसलेले नगर रचावे. पण एकदा वेस बांधली, तिच्याबाहेर माणसे बसविली आणि त्यांचे तोंड खेळाडूला दिले, म्हणजे ती वेस त्याच्यासाठी उघडी ठेवणे ही सुटका होत नाही. शिवाय जग खेळाडूच्या वंशाला प्रतिसाद देते याचा अर्थ ते नेहमी अपमानच करते असा नाही. 'स्कायरिम'मध्येच याचे उत्तम उदाहरण आहे. ऑर्क लोकांच्या गढ्यांत परक्याला प्रवेश मिळण्यापूर्वी एक कामगिरी पार पाडून त्यांचा विश्वास संपादन करावा लागतो. ऑर्क खेळाडूला मात्र त्या गढ्यांचे दार आधीच उघडे असते. गुणांचा एकही आकडा न बदलता येथे जन्माला अर्थ मिळतो. 2023 च्या 'बाल्डर्स गेट 3' मध्ये 11 वंश आणि 12 पेशे आहेत आणि जन्माने येणारे अधिक गुण खेळाडू हवे तेथे घालू शकतो. तरीही ड्राउ वंशाचे पात्र घेऊन गॉब्लिनांसमोर गेले असता ते दबकतात, वाट देतात. ज्यांच्यापुढे इतरांना लढावे वा फसवावे लागते त्यांच्यापुढे आपण केवळ आपल्या चेहऱ्यामुळे निसटलो, याची किंचित लाजही वाटते. ही लाज आकड्यांतून कधीच आली नसती.

पेशांविषयी थोडक्यात लिहितो. कारण तेथे दोष अधिक स्पष्ट आहे. 1996 च्या 'डॅगरफॉल'मध्ये 18 तयार पेशे होते, शिवाय गुणदोषांची जुळवाजुळव करून खेळाडू स्वतःचा पेशा घडवू शके. 'मॉरोविंड'मध्ये दहा प्रश्न विचारून पेशा सुचविला जाई. 'ऑब्लिव्हियन'ची युक्ती त्याहून सुरेख होती. आरंभीच्या भुयारात खेळाडू कसा वागला हे पाहून एक सोबती त्याला त्याचा पेशा सांगत असे. 'स्कायरिम'ने पेशाच काढून टाकला. 18 कौशल्ये सर्वांना खुली, जे वापराल ते वाढेल. जन्मसिद्ध धंद्याच्या बंधनातून सुटलेल्या समाजाचे हे चित्र वरकरणी मोहक आहे. पण परिणाम असा होतो की ज्याला दोनचार मंत्रांपलीकडे काही येत नाही असा कुऱ्हाडबहाद्दर तेथील मंत्रविद्यालयाचा प्रमुख होऊन बसतो. 'मॉरोविंड'मधील संघ बढती देण्यापूर्वी संबंधित कौशल्ये तपासून पाहत. अपुरी असतील तर रिकाम्या हाताने परत पाठवीत. पेशाचा मान त्या तपासणीत होता. सहाव्या खेळात पेशांची नामावळी परत येवो न येवो, ती तपासणी परत यावी.

चित्रफितीतील भूप्रदेश हॅमरफेलचा असावा असा अनेकांचा तर्क आहे. तो खरा ठरल्यास ही माला त्या मुलखाच्या किनाऱ्याकडे पुन्हा वळेल, आणि वर केलेल्या अपेक्षांना तेथे सुपीक जमीन मिळेल. हॅमरफेल हा रेडगार्डांचा देश. त्यांच्यात योकुडा या मूळभूमीच्या चालीरीती कसोशीने पाळणारे 'क्राउन' आणि साम्राज्याच्या वळणाशी जुळवून घेणारे 'फोरबेअर' असे दोन जुने पक्ष आहेत. तलवारीला ते पूजनीय मानतात, मंत्रविद्येकडे संशयाने पाहतात. अशा देशात मांत्रिक झालेला रेडगार्ड हा घरच्यांच्याच संशयाचा विषय होईल. वंश आणि पेशा यांचा खरा संघर्ष एकाच पात्रात उभा राहील. एल्फांच्या सत्तेशी हा देश एकाकी लढला आहे, तेव्हा तेथे आलेल्या अल्टमर खेळाडूशी दुकानदाराने कसे बोलावे, हेही कर्त्यांना ठरवावे लागेल.

लुप्त झालेले ड्वेमर खेळाडूला उपलब्ध व्हावेत ही रसिकांची आवडती मागणी आहे. लेखक तिच्या विरुद्ध आहे. एका रात्रीत नाहीशा झालेल्या लोकांचे सारे काव्य त्यांच्या नसण्यात आहे. त्यापेक्षा चंद्रांच्या कलांप्रमाणे खजितांचे जे अनेक देहप्रकार पुराव्यानिशी सांगितले जातात, घरच्या मांजराएवढ्या अल्फिकपासून स्वारी करता येईल अशा सेंचेपर्यंत, त्यांतील एखादा तरी खेळाडूला द्यावा; मात्र दिला तर पेला उचलता न येण्याच्या अडचणीसह द्यावा. आणि हॅमरफेलच्या एखाद्या बंदरावर गोणी वाहणारा आर्गोनियन असेलच. आर्गोनियन खेळाडू चांगले कपडे घालून त्याच्या समोरून तटाच्या दरवाज्याकडे निघाला, तर तो गोणी खाली ठेवून त्याला काय म्हणतो, एवढे ऐकावयाचे आहे.