अपराध ढकलता येतो, जबाबदारी नाही : इब्सेनचं ‘लिटल आयॉल्फ’

अपराधभाव आणि जबाबदारी यांत फरक काय, हा आजचा प्रश्न. नुसत्या व्याख्या करून तो सुटत नाही, म्हणून एक नाटक घेऊ. हेन्रिक इब्सेनचं ‘लिटल आयॉल्फ’, १८९४ सालचं, तीन अंकी.

नॉर्वेतल्या एका फ्योर्डच्या काठी आल्फ्रेड आणि रीटा हे जोडपं राहतं. मुलगा आयॉल्फ पायाने अधू, कुबडीवर चालणारा. तान्हा असताना तो टेबलावर झोपला होता. लक्ष ठेवायचं होतं आल्फ्रेडने. पण नवराबायको एकमेकांत गुंतले आणि मूल खाली पडलं. नाटकाच्या पहिल्याच अंकात हा मुलगा पाण्यात बुडतो. किनाऱ्यावरच्या गरिबांच्या पोरांना पोहता येतं, याला येत नाही. तो हाती लागत नाही. कुबडी तेवढी वर तरंगते.

आता ती कुबडी नीट बघा. बुडणं हा अपघात, पडणं ही हयगय. मध्ये कित्येक वर्षं गेली, पण कुबडी दोन्ही घटना जोडते. म्हणून हे दुःख साधं राहत नाही.

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने एका लॉरीचालकाचं उदाहरण दिलं आहे. त्याची काही चूक नसताना मूल गाडीखाली येतं. बघणाऱ्यांनाही वाईट वाटतं; पण चालकाला जे वाटतं ते निराळं, कारण गाडी त्याच्या हातात होती. उदाहरण मोलाचं आहे. मात्र तो चालक एकटा आहे. इब्सेनकडे दोघं आहेत, आणि तिथेच खरी गोम आहे. लग्नात अपराध ढकलायला समोरचा माणूस कायम हजर असतो.

आल्फ्रेड म्हणतो, तू मला भुलवलंस. रीटा म्हणते, मुलाला विसरलास तू. दोघंही खरं बोलतात! पण दुसऱ्याबद्दलचं खरं बोलून स्वतःचा हिशेब चुकता होत नाही. गंमत म्हणजे हा आल्फ्रेड मानवी जबाबदारीवर मोठा ग्रंथ लिहीत होता. तो सोडून मुलाला वाहून घ्यायचं त्याने ठरवलं, त्यालाही रीटा त्याग मानत नाही. लेखनावरचा विश्वास उडाला होता, म्हणून तुला दुसरं काहीतरी हवं होतं, असं ती त्याला सुनावते. आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी हा टोमणा मुकाट्याने घ्यावा.

शेवटाबद्दल मात्र वाद आहे. किनाऱ्यावरच्या ज्या पोरांनी आयॉल्फला वाचवलं नाही, त्यांनाच घरात आणून वाढवायचं रीटा ठरवते. तिशीत वाचलं तेव्हा मला हे खोटं वाटलं होतं. चिकटवलेला शेवट, असं मी वर्गात सांगतही असे. आज ते मत मागे घेतो. कारण रीटा थोरपणाचा आव आणत नाही. प्रेमापोटी हे करत नाही, मुलाचे उघडे डोळे डोळ्यांपुढून हलत नाहीत म्हणून करते, असं ती कबूल करते. आणि ती विचारते, की या लोकांसाठी आपण तरी कधी काय केलं?

अपराधभाव विचारतो, कोणी केलं? जबाबदारी विचारते, आता काय करायचं? पहिल्या प्रश्नावर हे दोघं रात्रंदिवस भांडले. दुसरा प्रश्न आला तेव्हा कुठे ते शेजारी उभे राहिले. सुखी झाले, असं इब्सेन म्हणत नाही. मीही म्हणणार नाही.