अवसादातील रक्तएंझाइमे
मानसिक अवसादाची खूण रक्तात शोधण्याच्या प्रयत्नांत मोनोॲमाइन ऑक्सिडेज या एंझाइमास विशेष महत्त्व आले. क्षयरोगावरील इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची चित्तवृत्ती उल्हसित होते व हे एंझाइम निरोधित होते, असे १९५२ मध्ये आढळले. १९५७ पासून ते अवसादावर वापरले जाऊ लागले. मेंदूतील एंझाइम सहजी मोजता येत नसल्याने रक्तातील बिंबाणूंमधील त्याची क्रियाशीलता मोजण्याची पद्धत पुढे आली. फेनेल्झिनाच्या उपचारात ती सुमारे ८०% घटल्यास गुण येण्याचा संभव वाढतो, असे दिसून आले. औषधाची मात्रा पुरेशी आहे की नाही, हे पाहण्यास या मापनाचा उपयोग झाला; रोगनिदानास मात्र ते अपुरे ठरते. बिंबाणूंत या एंझाइमाचा केवळ ‘बी’ प्रकार असतो, तर सेरोटोनिनाचे विघटन मुख्यत्वे ‘ए’ प्रकाराने होते. शिवाय तंबाखूच्या धुराने ही क्रियाशीलता घटते. त्यामुळे जयसिंगपूर-निपाणीसारख्या तंबाखूपेठांच्या परिसरात विडी ओढणाऱ्याच्या रक्तातील अल्प क्रियाशीलता मनोविकाराची निदर्शक मानणे चुकीचे होईल. निरोगी व्यक्ती आणि रुग्ण यांची मूल्येही परस्परांत मिसळतात. म्हणून अवसादाचे निदान आजही रुग्णाची हकीकत व लक्षणे यांवरूनच करावे लागते.