खण, बिऱ्हाड आणि बी. एच. के.

आपल्या समीक्षेत 'वाडा' हा शब्द आला की त्यामागोमाग ऱ्हास, विस्थापन, हरवलेली संस्कृती ही पदे ठरल्याप्रमाणे येतात. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकाचे विवेचनही पुष्कळदा याच वळणाने जाते. हे वाचन चुकीचे नव्हे. परंतु ते अपुरे आहे, हे घरासंबंधीच्या शब्दांवरूनच दाखविता येईल.

घर कशाने मोजावयाचे, या प्रश्नाला मराठीने वेळोवेळी निराळी उत्तरे दिली आहेत. जुने घर खणांनी मोजीत. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. त्यावरून घर तीनखणी वा पाचखणी. वाड्याची थोरवी चौकांवरून व सोप्यांवरून ठरे. हे माप बांधणीचे, राहणाऱ्यांचे नव्हे. मुंबईच्या चाळीत ते बदलले. १९२० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा ठिकाणी खण मोजण्यात अर्थ नव्हता. तेथे बिऱ्हाडे मोजली गेली. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकात वास्तूपेक्षा भाडेकरूंनाच अधिक जागा मिळाली आहे, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. आजच्या 'टू बी. एच. के.' मधील आकडा शयनगृहांना लागतो. दिवाणखाना व स्वयंपाकघर एकेकच गृहीत असते. म्हणजे आता मोजला जातो तो एकांत.

या एकांताला जुन्या शब्दसंग्रहात स्थान कोठे होते? ओसरी, माजघर, कोठी, देवघर, परसू ही नावे जागेची किंवा कामाची आहेत. 'माज' म्हणजे मध्य. ज्या दालनात स्त्रियांचा दिवस सरे, त्याच्या नावात त्यांचा उल्लेखही नाही. स्त्रीवरून नाव पडलेली खोली बहुधा एकच, बाळंतिणीची. आणि तीही तिला काही दिवसांपुरतीच लाभे. कोणत्या जातीच्या माणसाने ओसरीपर्यंत यावे व कोणी अंगणातच थांबावे, हेही या नावांआड दडलेले असे.

हे ध्यानी घेऊन नाटकाकडे परतावे. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, वडील निवर्तले आहेत. ही पडझड सर्वांस दिसते. पण जिचे शिक्षण घरानेच रोखले, त्या प्रभेला वाडा भरभराटीत असतानाही आपली म्हणावी अशी जागा कोठे होती? चिरे ढळल्याचे दुःख सर्वांचे सारखे नाही. नाटकाची खरी शोकात्मता या असमानतेत आहे. केवळ गतवैभवात नाही.

आपले विद्यार्थी गृहविषयक शब्दांचे संकलन करतात, ते अगत्याचेच आहे. मात्र प्रत्येक शब्दापुढे अर्थाबरोबर आणखी एक नोंद असावी: तेथे कोणास बसता येई, आणि कोणास येत नसे. ही नोंद नसेल, तर आपला कोश घराचा न होता केवळ भिंतींचा होईल.