मुठीत न मावणारी घरं : लघुवास्तुशिल्प आणि मनाची अवस्था

आजचा विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला : छोट्या इमारतींचं शिल्प म्हणजे बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली असतं ते मॉडेल का? प्रश्न चांगला आहे. तिथूनच सुरुवात करू.

ते मॉडेल बघताना आपण काय करतो? वरून वाकतो. आपला फ्लॅट कुठला, पार्किंग कुठे, बाग कुठे, सगळं एका नजरेत येतं. वस्तू लहान केली की ती ताब्यात आल्यासारखी वाटते. मनाची अवस्था नेमकी उलट असते. भीती, विरह, लहानपणची एखादी बोचणारी आठवण एका नजरेत येत नाही. ताब्यात नसते म्हणूनच तर ती छळते. मग जो आकार बघणाऱ्याला ताबा देतो, त्यातून ताबा सुटलेलं मन कसं दाखवायचं? या प्रकारातल्या चांगल्या आणि कमी चांगल्या कामांतला फरक माझ्या मते इथेच ठरतो. आज तीन कामं बघू.

पहिलं, आल्बेर्तो जाकोमेत्तीचं 'पहाटे चार वाजताचा राजवाडा'. साल १९३२. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. उंची साडेत्रेसष्ट सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलावर सहज मावेल. लाकडाच्या बारीक काड्या, तार, दोरा आणि काच, एवढंच साहित्य. नाव राजवाडा, पण भिंती नाहीत. डावीकडे पायघोळ वस्त्रातली एक स्त्री उभी आहे. उजवीकडे पिंजऱ्यात पाठीचा कणा टांगलाय, वर एका पक्ष्याचा सांगाडा. मध्ये एका फळीवर एक छोटी गोलसर वस्तू आहे.

जाकोमेत्तीने १९३३ साली 'मिनोतॉर' या नियतकालिकात याबद्दल लिहिलं. एका स्त्रीबरोबर त्याने सहा महिने काढले. दोघं रात्र-रात्र आगकाड्यांचा राजवाडा रचत, जरा हात चुकला की तो कोसळे, की पुन्हा पहिल्यापासून. ती उभी स्त्री म्हणजे लहानपणच्या आठवणीतली आपली आई, असंही तो सांगतो.

आता हे सगळं बाजूला ठेवा आणि नुसतं बघा. भिंत नाही म्हणजे आडोसा नाही. सगळं उघडं आहे, तरी एकाही गोष्टीचा दुसरीशी संबंध लागत नाही. स्त्री कण्याकडे बघत नाही, पक्षी कुणाचा नाही. आपण राक्षसाएवढे मोठे होऊन उभे आहोत, सगळं दिसतंय, आणि हातात काही येत नाही. पहाटे चारला जाग आल्यावर डोकं असंच असतं ना? सगळं लख्ख, आणि अर्थ कशालाच नाही. इथे मनाची अवस्था रचनेतच आहे, तिच्यावर चिकटवलेली नाही.

दुसरं काम लुईस बुर्ज्वाचं, 'सेल (शॉझी)', १९९० ते ९३. तिच्या आईवडिलांचा जुन्या चित्रजवनिका दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता, आणि पॅरिसजवळच्या शॉझी-ल-रुआ गावात त्यांचं घर होतं. मुलांना इंग्रजी शिकवायला ठेवलेल्या बाईशी वडिलांचे संबंध होते, आणि घरातल्या सगळ्यांनी ते निमूट चालू दिलं. ही जखम तिने आयुष्यभर उगाळली. या कामात तेच घर तिने गुलाबी संगमरवरात कोरलंय, खिडक्यांसकट. भोवती जाळी आणि काचांचा पिंजरा. आणि घराच्या वर टांगलंय गिलोटिनचं पातं.

काम जबरदस्त आहे, वाद नाही. संगमरवराचा तो रंग कातडीसारखा वाटतो. घर दगडाचं न राहता अंगाचं होतं. पण माझी तक्रार त्या पात्याबद्दल आहे. पातं दिसलं की आपण खिडक्या बघणं थांबवतो. त्या घरात काय घडलं याची जी हळूहळू वाढणारी अस्वस्थता होती, तिच्यावर पातं एका वाक्यात निकाल देतं. भावना कळते, पण कळल्यावर संपते. घराच्या बाजूने मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. घर छोटं आहे, पण पातं आपल्या मापाचं आहे. म्हणजे ते त्या बाहुलीघराच्या जगातलं नाही, आपल्या जगातलं आहे. मला तरी ते पातं त्या अर्थाने जास्त भिववतं.

तिसरं काम, आणि माझ्या लेखी तिघांत सर्वांत पुढे गेलेलं : अमेरिकन कलावंत माईक केलीचं 'एज्युकेशनल कॉम्प्लेक्स', १९९५. व्हिटनी म्युझियमच्या संग्रहात आहे. साधारण सोळा फूट लांब, आठ फूट रुंद टेबलावर पांढऱ्याफटक इमारती. दिसायला अगदी बिल्डरचं मॉडेल! केली ज्या-ज्या शाळा-कॉलेजांत शिकला ती सगळी, शिवाय लहानपणचं घर, हे सारं त्याने एका संकुलात जोडलंय. अट अशी, की वास्तू आठवणीतून उभ्या करायच्या, आणि जे आठवत नाही ते कोरं ठेवायचं.

यामागे एक चिडही आहे. केली जुनी कापडी खेळणी वापरून शिल्पं करायचा. ती बघून लोक म्हणू लागले, याच्यावर लहानपणी अत्याचार झाले असणार. त्या काळात अमेरिकेत 'दडपलेल्या आठवणीं'ची मोठी हवा होती. केलीने तो तर्क गंभीर चेहऱ्याने मान्य केला : ठीक आहे, मग जे-जे विसरलो तिथे-तिथे अत्याचारच झाला असणार. आणि लक्षात येतं की विसरलेला भाग केवढा तरी मोठा आहे.

हा विनोद आहे, आणि विनोद राहत नाही. कारण ती कोरी जागा बघताना आपल्याला आपली शाळा आठवायला लागते, आणि वर्गाबाहेरचा जिना कुठे उतरत होता ते आठवत नाही. आणखी एक गोष्ट. कॅलआर्ट्स या त्याच्या कॉलेजचं तळघर टेबलाच्या खालच्या बाजूला आहे. ते बघायला खाली टाकलेल्या गादीवर आडवं व्हावं लागतं. म्हणजे सुरुवातीला म्हटलं ते वरून वाकून बघणं, तो राक्षसाचा रुबाब, केली काढूनच घेतो.

एक चिठ्ठी आलीय : "कलावंताने लिहून सांगितल्याशिवाय हे कळणार कसं?" रास्त आहे. आई, ती स्त्री, शॉझीचं घर, हे तपशील सांगितल्याशिवाय कळणार नाहीत. पण तपशील म्हणजे अवस्था नव्हे. जाकोमेत्तीचा लेख न वाचताही तो राजवाडा कोसळेल ही धास्ती वाटते. केलीबद्दल काही माहीत नसलं तरी एवढ्या रेखीव मॉडेलमध्ये खोल्याच नाहीत हे खटकतं. माहितीने अर्थ वाढावा. माहिती काढून घेतल्यावर काहीच उरत नसेल, तर ते शिल्प नाही, मजकुराला जोडलेलं चित्र आहे.

तेव्हा पुढच्या वेळी प्रदर्शनात असं चिमुकलं घर दिसलं, तर 'किती बारीक काम केलंय' यावर थांबू नका. हे घर मला पूर्ण दिसतंय का, आणि दिसत असूनही काय हाती लागत नाही, एवढं स्वतःला विचारा. उत्तर लगेच मिळालं, तर बहुधा ते मॉडेल आहे.

इथे थांबतो.