नट, वंस आणि संगणक : प्राचीन प्रयोगकलांच्या अभ्यासातील एक पद्धतिप्रश्न

प्रयोगकलांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे एक मूलभूत अडचण असते. शिल्प मागे राहते, चित्रही काही काळ टिकते. नृत्य आणि अभिनय मात्र प्रयोगाबरोबरच संपतात. उरतात त्या केवळ नोंदी. या नोंदी संगणकात भरून त्यांची मोजदाद करण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. तिचे मोल निर्विवाद आहे. तथापि संगणकाने दिलेली संख्या नेमकी कशाची, हा प्रश्न अभ्यासकाने स्वतःलाच विचारावयाचा असतो.

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण इंग्लंडच्या रंगभूमीचे आहे. १६६० ते १८०० या काळातील लंडनच्या नाट्यप्रयोगांची सूची १९६० ते १९६८ या काळात ११ खंडांत प्रसिद्ध झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील लॉरेन्स विद्यापीठाचे बेन रॉस श्नायडर यांनी तिचा संगणकीय माहितीसाठा सिद्ध केला. पुढे यंत्रे बदलली आणि तो वापराबाहेर गेला. मॅटी बर्कर्ट यांनी त्याचा उद्धार करून २०१९ मध्ये तो नव्याने उपलब्ध करून दिला. कोणता नट कोणत्या रात्री कोणत्या भूमिकेत उभा राहिला, हे आता क्षणार्धात शोधता येते. परंतु या सूचीचा मुख्य आधार जाहिराती व वृत्तपत्रे हा आहे. ज्याच्या खेळाची जाहिरात कधी छापलीच गेली नाही, असा रस्त्यावरचा कसरतपटू तीत सहसा भेटत नाही.

प्राचीन भारताच्या बाबतीत जाहिराती नाहीत, ग्रंथ आहेत. त्यांतही पालि तिपिटक हे लोककलांच्या उल्लेखांचे मोठे भांडार होय. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या छट्ठ संगायनाची आवृत्ती इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणली. त्यामुळे 'नच्च', 'गीत', 'नट', 'समज्ज' हे शब्द कोठे कोठे येतात, याचा शोध घेणे सर्वांच्या आवाक्यात आले. मात्र येथूनच सावधगिरीची गरज सुरू होते.

नृत्य, गीत, वाद्य आणि खेळ पाहण्यापासून विरतीचा उल्लेख दीघनिकायाच्या सीलक्खन्धवग्गात पुनःपुन्हा येतो. या वग्गातील तेराही सुत्तांत शीलविभाग आहे. पण संपादकांनी तो कोठे पूर्ण छापला आहे, तर कोठे 'पेय्याल' घालून संक्षेपाने दिला आहे. म्हणजे यंत्राने मोजलेला आकडा बुद्धकालीन समाजाविषयी जेवढे सांगतो, त्याहून अधिक संपादकाच्या लेखणीविषयी सांगतो. अशा आकड्यावरून बौद्ध धम्म कलाविरोधी होता, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरत नाही. ही विरती भिक्खूंच्या आचारात आणि अष्टशीलात आहे. उपासकाच्या नित्याच्या पंचशीलात ती नाही. सक्कपञ्हसुत्तात पञ्चसिख वीणेवर गातो, तेव्हा तारांचा स्वर आणि गीताचा स्वर यांच्या मेळाची भगवान बुद्ध प्रशंसा करतात. हा उल्लेख संख्येने एक आहे, परंतु अर्थाने शंभरांवर मात करणारा आहे.

संयुत्तनिकायात तालपुट नावाचा नटांचा प्रमुख येतो. तथागत त्याच्या कलेचे परखड परीक्षण करतात. राग, द्वेष व मोहाने आधीच बांधलेल्या प्रेक्षकांना ती अधिक बांधते, असे सांगतात. त्याची जात मात्र कोणी विचारत नाही. तो प्रव्रज्या घेतो, अर्हत होतो आणि थेरगाथेत त्याच्या नावे ५५ गाथा येतात. मनुस्मृतीने शैलूषाचे, म्हणजे नटाचे, अन्न निषिद्ध ठरविले, हे लक्षात घेता कर्माची चिकित्सा आणि माणसाचा बहिष्कार यांतील अंतर स्पष्ट होते. 'नट' या शब्दाची वारंवारिता मोजून हे अंतर हाती लागत नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण 'चंडाल' आणि 'वंस' या शब्दांचे आहे. ब्रह्मजालसुत्तात खेळांच्या यादीत हे दोन शब्द लागोपाठ येतात. पालीत 'वंस' म्हणजे कुळ आणि 'वंस' म्हणजे बांबूही. अट्ठकथा येथे 'वंस'चा अर्थ बांबू उभारून केलेला खेळ असा देते; 'चंडाल' म्हणजे लोखंडी गोळ्याचा खेळ, असे सांगून चंडालांच्या एका खेळाविषयीचे दुसरे मतही नोंदविते. सेदकसुत्तात 'चंडालवंसिक' बांबू उभारतो आणि आपल्या शिष्याला खांद्यावर चढण्यास सांगतो. दोघांनी तोल कसा सांभाळावा, या त्यांच्या संवादातूनच बुद्ध स्वतःच्या आणि इतरांच्या रक्षणाचा धम्म उलगडून दाखवितात. संगणक 'चंडाल' हा शब्द जातीच्या रकान्यात टाकील आणि 'वंस' हा कुळाच्या. मग एका श्रमजीवी कलावंताची कला इतिहासातून नाहीशी होईल आणि उरेल केवळ जातीचा एक उल्लेख. ही चूक साधी नव्हे. ज्यांच्या कौशल्याची नोंद आधीच विरळ आहे, त्यांच्या बाबतीत ती दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरते.

म्हणून काही पथ्ये पाळणे आवश्यक वाटते. मूळ सुत्त आणि इ. स. च्या ५ व्या शतकातील अट्ठकथा यांची गणना वेगळी ठेवावी. दोहोंची बेरीज म्हणजे अनेक शतकांची सरमिसळ होय. पुनरुक्त वचनांचा स्वतंत्र निर्देश करावा. अनेकार्थी शब्द प्रत्येक स्थळी वाचूनच वर्गीकृत करावा. आणि एकदाच आलेला शब्द अपवाद म्हणून बाजूला सारू नये.

हीच पथ्ये आपल्या नजीकच्या इतिहासालाही लागू आहेत. भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांविषयी स्वतः लिहून ठेवले, म्हणून त्या कार्याचा लेखी आधार आपल्यापाशी आहे. ज्या गावोगावच्या कलापथकांविषयी कोणी लिहिले नाही, त्यांच्या जागी उद्याचा माहितीसाठा शून्य दाखवील. ते शून्य कलेचे नसून नोंदीचे आहे, हे त्या साठ्यातच स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. यंत्र शब्द शोधून देईल. त्या शब्दामागचा माणूस वाचकालाच शोधावा लागेल.