कित्ता गिरविणारे हात

गाणे असो की अक्षर, प्रथम कित्ता गिरवावाच लागतो. परंतु जन्मभर कित्ताच गिरविणाऱ्याला शिष्य म्हणावे काय? फळ्यापुढे उभे राहून मला नेहमी पडणारा हा प्रश्न जॅझच्या गिटारवादकांनी माझ्यापुरता सोडविला आहे.

अमेरिकेच्या चार्ली ख्रिश्चनने १९३९ साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात विजेची गिटार हाती घेतली. तोवर बहुधा मागे बसून ताल धरणारे हे वाद्य त्याने सॅक्सोफोनप्रमाणे एकेका सुराने बोलते केले. १९४२ साली, अवघ्या पंचविशीत, तो वारला. वेस माँटगोमेरीने त्याचे वादन ध्वनिमुद्रिकांवरून जसेच्या तसे घोकले. तेच वाजविण्याचे पहिले कामही त्याला मिळाले. पुढे मात्र नखी टाकून, नुसत्या अंगठ्याने, एकच सूर दोन सप्तकांत एकदम छेडण्याची स्वतःची रीत त्याने रूढ केली. गुरूचे ऋण असे फिटते!

मुंबईत जन्मलेला आपला गोमंतकीय अमान्सिओ डिसिल्वा मला त्याहून प्रिय. लंडनमध्ये १९६९ साली निघालेल्या त्याच्या ‘इंटिग्रेशन’मधील ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ ऐकावे. बोली जॅझची, वळणे आपल्या ओळखीची! क्वचित रागाची छाया शोभेपुरतीच वाटते. तरीही ही नक्कल नव्हे. जामखेडच्या ढोलकीला सरावलेला माझा कान तेथे रमतो.

वाचकहो, मुलांना कित्ता अवश्य द्यावा. पण पुढचे अक्षर त्यांचे त्यांना काढू द्यावे.