डेक देखणा, चित्रपट कुठे?

हल्ली विद्यार्थ्यांच्या लघुपटापेक्षा त्याचा पिच डेक सरस असतो. महाविद्यालयीन स्पर्धांना येणारे डेक ओळीने पाहावेत. पहिल्या पानावर धुक्यातली पाठमोरी आकृती, दुसऱ्यावर रंगांच्या चौकटी, तिसऱ्यावर वाँग कार-वाईच्या हिरव्या-लाल फ्रेम्स आणि शेवटी एआयकडून काढून घेतलेला स्टोरीबोर्ड. गोष्ट सांगोल्याची असो की सावंतवाडीची, स्टोरीबोर्डातली आजी तीच, तिच्या तोंडावरचा उजेड तोच आणि नऊवारीचा काष्टा हमखास चुकलेला. पुढे लघुपट बनतो तो या चित्रांची बरोबरी करण्यासाठी. घरातला खरा उजेड चित्रासारखा नाही म्हणून खिडकीला काळा कागद लागतो, आणि घर मरतं.

पूर्वतयारीलाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. ‘पथेर पांचाली’च्या वेळी रायांकडे रीतसर पटकथा नव्हती, पण रेखाटनांची वही होती. चिदानंद नाईकच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ला 2024 मध्ये कानच्या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. एफटीआयआयच्या एका वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमातला हा प्रकल्प, चित्रीकरणाला दिवस मिळाले चार. कोंबडा चोरीला जातो आणि गावात सूर्यच उगवत नाही, ही गोष्ट रात्रीत चित्रित करायची तर दिवा कुठे ठेवायचा हे सेटवर उभं राहून ठरवता येत नाही. तयारी हवीच. प्रश्न कशाची तयारी करायची, हा आहे.

वेळापत्रक, कॉल शीट, सामानाची यादी करणारी सॉफ्टवेअर सोयीची आहेत, वापरावीत. त्याने कुणी दिग्दर्शक झालेला नाही. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब मात्र इंग्रजी कुरियर टाइपाच्या बारा पॉइंटांचा आहे. देवनागरीत तो लागू पडत नाही. म्हणून पोरं मराठी संवाद रोमन लिपीत लिहितात आणि मालवणी आजी कागदावरच पुणेरी बोलू लागते. मूडबोर्डाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. तो दुसऱ्याच्या चित्रपटांचा अल्बम असतो.

खरी आशादायक गोष्ट वेगळीच आहे आणि तिची कुणी दखल घेत नाही. काही मुलं फोन घेऊन लोकेशनवर जातात आणि तयारी म्हणून चक्क चित्रपटच काढतात. जो प्रसंग संध्याकाळी सहाला घडतो, त्याची रेकी संध्याकाळी सहालाच. सूर्य किती अंशांवर असेल हे ॲप सांगतं, पण शेजारच्या गोठ्याची सावली उंबऱ्यावर कधी पोचते ते तिथे थांबल्याशिवाय कळत नाही. शेतपंपांना थ्री-फेज वीज रात्री मिळत असेल तर रात्रीच्या नाजूक संवादामागे मोटार घुमणार, हे फोनमध्ये ध्वनिमुद्रण केलेल्या मुलाला आधीच माहीत असतं. तो मोटार गोष्टीत घेतो, नाहीतर प्रसंग हलवतो. नट मिळाले नाहीत तर मित्रांना उभं करून तो प्रसंग फोनवरच चित्रित होतो, फोनवरच जोडला जातो. कच्चा कट पाहिला की कळतं, चार शॉट फुकटचे आहेत आणि आईचं वाक्य तिने म्हणायचीच गरज नाही. एवढं शहाणपण कुठल्याही डेकमधून येत नाही. हे लघुपट दिसायला कधी ओबडधोबड असतात, पण त्यांतली माणसं एखाद्या जागी राहत आलेली वाटतात.

याचं कारण सरळ आहे. डेक मुका आहे आणि स्थिर आहे. चित्रपटाला काळ लागतो, आवाज लागतो. उमेश कुलकर्णीच्या विद्यार्थिदशेतल्या ‘गिरणी’चा मूडबोर्ड करून दाखवावा, त्या घरातली घरघर कुठल्या चौकटीत चिकटवणार? नागराज मंजुळेने अहमदनगरला शिकताना केलेला ‘पिस्तुल्या’ टिकला तो ओळखीच्या माणसांकडे नीट पाहिल्यामुळे. सुंदर फ्रेम तिथे दुय्यम आहे.

पण दोष पोरांना देऊन भागणार नाही. डेक मागतं कोण? आपणच. प्राध्यापकांना तो सोयीचा, कारण पंधरा पानं चाळून गुण देता येतात. परीक्षकांना सोयीचा, कारण अर्ज घरबसल्या छाटता येतात. ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप आहे, इंग्रजी आहे आणि एआयचं वर्गणीचं खातं आहे त्याचा डेक चकचकीत होतो. परभणीच्या पोराकडे गोष्ट असते, पण तो पहिल्याच फेरीत गळतो. याला आपण व्यावसायिक शिस्त म्हणतो! ही शिस्त जाहिरात एजन्सीची आहे. चित्रपट शिकवणाऱ्याने ती डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

दादासाहेब फाळक्यांना भांडवल हवं होतं. 1912 मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ते वाढताना पडद्यावर दाखवलं. पैसे देणाऱ्याची खात्री त्या फिल्मने पटवली. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. या देशातल्या कथापटाची पहिली पिच हा एक लघुपटच होता, आणि आज प्रत्येकाच्या खिशात फाळक्यांच्या विल्यमसन कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी सोपं यंत्र असताना आपण विद्यार्थ्यांकडून पीडीएफ मागतो.

तेव्हा पुढच्या सत्रापासून चित्रपट विभागांनी आणि स्पर्धांनी एकच करावं: डेक बंद करावा. त्याऐवजी प्रत्यक्ष जागेवर, प्रत्यक्ष वेळेला फोनवर काढलेला तीन मिनिटांचा कच्चा कट मागावा, आवाजासकट. ज्याला तो काढता येत नाही, त्याचा प्रकल्प अजून तयार नाही.